जपणे आणि वाढवणे

देखभाल आणि सुधारणा हे दोन शब्द आपण बहुधा एकाच दमात उच्चारतो. घराची देखभाल व सुधारणा, रस्त्यांची देखभाल व सुधारणा, संस्थेची देखभाल व सुधारणा. जणू काही ही एकाच कामाची दोन नावे आहेत. वस्तुतः ती दोन निरनिराळ्या वृत्तींची नावे होत. जपणारा माणूस वस्तूला म्हणतो, ‘तू आहेस तशी राहावीस.’ वाढवू पाहणारा म्हणतो, ‘तू आहेस तेवढी मला पुरत नाहीस.’ दोन्ही वृत्ती देवाने माणसाला दिलेल्या आहेत आणि दोहोंत पुण्याला जशी जागा आहे तशी पापालाही आहे. या दोहोंचे परस्परांशी नाते काय असावे, कोणी पुढे चालावे आणि कोणी मागून, हा नीतिविचारातला मोलाचा प्रश्न आहे. त्याचा शोध घेण्यासाठी मी एक अगदी लहान वस्तू निवडली आहे: नायट्रो इंधनावर चालणारी, काठावरून बिनतारी यंत्राने वळवता येणारी खेळातली नौका. मोठे प्रश्न कधीकधी लहान वस्तूत अधिक स्वच्छ दिसतात.

युरोप-अमेरिकेतील तळ्यांवर असल्या नौकांचा छंद शंभर वर्षांहून अधिक काळ रुजलेला आहे. लंडनच्या पूर्व भागातील व्हिक्टोरिया पार्कमध्ये छोट्या वाफेच्या नौका चालवणाऱ्यांचे मंडळ १९०४ साली स्थापन झाले. त्याही आधी, १८९८ साली, निकोला टेस्ला यांनी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पाण्याच्या टाकीतली एक नौका बिनतारी लहरींनी चालवून दाखवली आणि त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला त्यांना तिचे पेटंट मिळाले. या शोधाचा सर्वांत मोठा परिणाम युद्धावर होईल आणि खात्रीच्या संहाराच्या भीतीने राष्ट्रे शांततेकडे वळतील, अशी आशा टेस्ला यांनी त्या पेटंटच्या मजकुरातच व्यक्त केली होती. ती आशा किती भाबडी होती हे विसाव्या शतकाने दाखवून दिले. मात्र त्या शोधाची एक फांदी तळ्याकाठी वळली आणि तिला खेळाचे फळ आले. शस्त्रांची शेतीची अवजारे होतील, असे यशया संदेष्ट्याने पाहिलेले स्वप्न पुष्कळ अंशी अजून अपुरे आहे. परंतु या एका कोपऱ्यात तरी युद्धासाठी योजलेल्या कल्पनेचे खेळणे झाले, ही काही लहान गोष्ट नव्हे.

ही नौका दोन-तीन फूट लांबीची असते. तिच्या इंजिनाचे आकारमान साडेतीन घनसेंटिमीटर, म्हणजे चहाच्या चमच्याहूनही कमी असू शकते. तरी ते मिनिटाला २०,००० हून अधिक फेरे घेते. त्याच्या इंधनात मुख्य भाग मिथेनॉलचा, काही भाग वंगणाच्या तेलाचा आणि उरलेला नायट्रोमिथेनचा असतो. वंगणासाठी अनेकदा आपले परिचित एरंडेल तेलही वापरतात. नायट्रोमिथेनच्या रेणूत स्वतःचा प्राणवायू असल्यामुळे तेवढ्याच हवेत अधिक इंधन जळू शकते. म्हणून त्याने ताकद वाढते. इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग नसतो. त्याऐवजी प्लॅटिनमयुक्त तारेचे बारीक वेटोळे असते. ते आरंभी बॅटरीने तापवावे लागते. नंतर बॅटरी काढून घेतली तरी जळत्या इंधनाच्या उष्णतेने आणि मिथेनॉलच्या संपर्काने ते लालच राहते. इंजिन थंड राखण्यासाठी तळ्याचेच पाणी बारीक नळीने वर येते आणि डोक्याभोवती फिरून बाहेर पडते.

अशा खेळण्यावर वेळ घालवणे एखाद्या प्रौढ, कुटुंबवत्सल ख्रिस्ती माणसाला शोभते काय? हा प्रश्न आधी निकाली काढला पाहिजे. संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या ‘सुम्मा थिऑलॉजिए’ या ग्रंथात खेळाचा विचार सद्गुणांच्या प्रकरणात केला आहे. त्यांनी संत योहानाविषयीची एक जुनी कथा सांगितली आहे. शिष्यांबरोबर योहान खेळताना पाहून कोणी नाराज झाला, तेव्हा योहानाने एका धनुर्धराला एकामागून एक बाण सोडण्यास सांगितले आणि अखेर विचारले, असे सतत करता येईल काय? उत्तर आले, धनुष्य मोडेल. मनाचेही तसेच आहे. अक्वायनस एवढ्यावर थांबत नाहीत. खेळाला ते तीन अटी घालतात. खेळात अशोभनीय किंवा इजा करणारे काही नसावे. खेळताना मनाचा तोल जाऊ नये. आणि तो खेळ व्यक्तीला, वेळेला व स्थळाला साजेसा असावा. या तीन अटींच्या कसोटीवर आपली नौका घासून पाहण्याजोगी आहे.

प्रथम तिची देखभाल पाहू. शर्यत काठावरून सर्वांना दिसते. तिच्यानंतरचा अर्धा तास कोणाला दिसत नाही. मिथेनॉल हवेतला ओलावा शोषून घेते आणि नायट्रोमिथेनच्या ज्वलनातून आम्ले तयार होतात. म्हणून टाकीत व इंजिनात उरलेले इंधन जाळून संपवावे लागते. प्लग काढून आत तेलाचे काही थेंब सोडावे लागतात आणि ते सर्व बेअरिंगांपर्यंत पोचावेत यासाठी इंजिन हाताने फिरवावे लागते. हे टाळले तर पुढच्या खेपेला बेअरिंग गंजलेले सापडते. इंजिनापासून पंख्यापर्यंत जाणारा लवचीक तारेचा दांडा बाहेर ओढून, पुसून, पुन्हा ग्रीस लावून बसवावा लागतो. कारण त्याच्या नळीत पाणी शिरलेले असते. नौकेचे झाकण उघडे ठेवून आतला ओलावा सुकवावा लागतो. नौका उलटून इंजिनात पाणी गेलेच, तर ते जबरीने फिरवायचे नसते. पाणी दाबले जात नाही. जोर लावला तर आतला दांडा वाकतो. आधी प्लग काढून पाण्याला वाट द्यावी आणि मगच हळूहळू फिरवावे. रागावलेल्या, दुखावलेल्या मुलाशी बोलताना आईबापांनी लक्षात ठेवावा असा हा नियम आहे.

या सर्व कामाचे वैशिष्ट्य असे की ते यशस्वी झाले तर काहीच घडत नाही. बेअरिंग गंजत नाही, दांडा तुटत नाही, नौका पुढच्या रविवारी पूर्वीसारखीच चालते. देखभालीचे फळ म्हणजे न घडलेले नुकसान, आणि न घडलेल्या गोष्टीला टाळ्या कोण वाजवणार?

सुधारणेचे तसे नसते. नवे मोठे इंजिन बसवले की फरक पहिल्याच फेरीत सर्वांना दिसतो. परंतु त्या इंजिनाची ताकद जुन्या दांड्याला सोसत नाही. तो पिळून तुटतो. जाड दांडा घातला तर पंखा अपुरा पडतो. पंखा बदलला तर नौकेचे नाक उचलले जाऊन ती वळणावर उलटते. मग तिचे वजन पुन्हा वाटून घ्यावे लागते, सुकाणू बदलावे लागते, सुकाणू फिरवणारे यंत्र अधिक जोराचे लागते, त्याला अधिक क्षमतेची बॅटरी लागते. दुबळी कडी नाहीशी होत नाही; ती एक घर पुढे सरकते, इतकेच. आणि या साखळीच्या शेवटी तर्क आपल्याला कोठे नेतो? विजेच्या मोटारी आणि लिथियमच्या बॅटऱ्या आता इतक्या समर्थ झाल्या आहेत की, निव्वळ वेग व सोय हवी असेल तर तेलकट इंजिन काढून टाकणे हीच अंतिम सुधारणा ठरते. जो तरीही नायट्रोची नौका ठेवतो, त्याला वेगापेक्षा वेगळे काहीतरी हवे असते. ते काय, हे त्याने स्वतःला विचारले नाही, तर तो आयुष्यभर पुढचा सुटा भाग विकत घेत राहील.

या नौकेतला सर्वांत सूक्ष्म नैतिक धडा तिच्या इंधनाच्या सुईत आहे. सुई थोडी आत फिरवली की इंधन कमी होते आणि मिश्रणात हवेचे प्रमाण वाढते. इंजिनाचा आवाज तीव्र व स्वच्छ होतो, वेग वाढतो. आणखी थोडी फिरवली की आणखी वाढतो. परंतु इंधनाबरोबर वंगणाचे तेलही कमी झालेले असते, आणि इंजिन थंड राखणारा इंधनाचा ओलावाही. म्हणजे तो वाढीव वेग इंजिनाने उपाशी राहून दिलेला असतो. सर्वांत गोड आवाज आणि इंजिन जळण्याचा क्षण यांच्यात अंतर फार थोडे असते. म्हणून जाणते लोक सुई किंचित सैल ठेवतात. नौकेच्या मागे धुराची एक बारीक रेघ दिसत राहावी असे पाहतात. ती रेघ म्हणजे वाया गेलेली शक्ती नव्हे. वंगण पोचत असल्याची ती खूण असते. आपल्या घरांतही अशी धुराची रेघ असावी लागते. कामाविना गेलेली एखादी संध्याकाळ, रोझरीनंतर ओट्यावर रेंगाळलेल्या गप्पा, मुलाने नुसते आकाशाकडे पाहत काढलेला तास: हिशेबी माणसाला ही नासाडी वाटते. दहावीच्या वर्षात मुलाचा खेळ बंद, पाहुणे बंद, रविवारची मिस्साही सवडीनुसार, असे करून आपण सुई आत फिरवत जातो, आणि गुण वाढतातही. ते कशाच्या मोबदल्यात वाढले, हे आपल्याला पुष्कळ उशिरा कळते.

येथे एक जुने तात्त्विक कोडे आठवते. प्लुटार्क या ग्रीक चरित्रकाराने लिहिले आहे की, अथेन्सच्या लोकांनी वीर थीसियसचे तीस वल्ह्यांचे जहाज पिढ्यान्पिढ्या जपून ठेवले. फळी कुजली की ते ती काढून नवी बसवत. तत्त्वज्ञ वाद घालीत: सर्व फळ्या बदलल्यावर ते तेच जहाज राहिले की दुसरे झाले? नायट्रोच्या नौकेचा मालक या प्रश्नाला रोज सामोरा जातो. काही वर्षांत तिचा प्लग, बेअरिंग, दांडा, पंखा, रिसीव्हर, सारेच बदललेले असते. मला वाटते, उत्तर सुट्या भागांत नसून बदलणाऱ्याच्या हेतूत आहे. ती टिकावी म्हणून भाग बदलले असतील, तर सर्व भाग नवे असूनही नौका तीच आहे. एका निष्ठेने तिला एकसंध ठेवले आहे. ती पुरत नाही म्हणून भाग बदलत राहिलो असू, तर पहिल्या दिवसापासून आपल्याजवळ ‘ती’ नौका कधी नव्हतीच. होती ती फक्त पुढच्या नौकेची प्रतीक्षा. विवाहाच्या वेदीवर दिलेल्या वचनाचा अर्थ याहून निराळा नाही. तीस वर्षांनी नवराही बदललेला असतो आणि बायकोही. जपण्याच्या संकल्पामुळे ती दोघे तीच राहतात.

कोणी म्हणेल, ‘फादर, हे सर्व जुने तेच धरून ठेवण्याचे तत्त्वज्ञान झाले. प्रभूने सांगितलेल्या मोहरांच्या दाखल्यात मिळालेली मोहर जशीच्या तशी परत करणाऱ्या चाकराला दोष दिला आहे. ज्यांनी ती वाढवली त्यांची प्रशंसा केली आहे.’ आक्षेप खरा आहे आणि त्याला बगल देता येणार नाही. परंतु त्या चाकराने नेमके काय केले ते पाहावे. त्याने मोहर पुरली आणि तो निघून गेला. त्याने ती भीतीपोटी ठेवली, प्रेमापोटी जपली नाही. पुरणे म्हणजे जपणे नव्हे. हे नौकेवरूनही कळते: इंजिनात इंधन तसेच ठेवून फळीवर चढवलेली नौका सर्वांत लवकर खराब होते, एरंडेलाचा चिकट थर जमून तिचे इंजिन फिरेनासे होते. पाण्यात न उतरवता कोणतीही नौका जपली जात नाही. जपणे ही क्रिया आहे, रोजची क्रिया आहे, आणि तिच्यात धोका पत्करणेही येते.

उत्पत्तीच्या पुस्तकात देवाने माणसाला एदेनबागेत ठेवल्याचा उल्लेख आहे. तेथे त्याला दोन कामे दिली आहेत: बागेची मशागत करणे आणि तिची राखण करणे. मूळ हिब्रूत त्यांसाठी दोन वेगळी क्रियापदे आहेत. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात या दोन क्रियापदांच्या जोडीकडे मुद्दाम लक्ष वेधले आहे. मशागत म्हणजे वाढवणे. राखण म्हणजे जपणे. देवाने माणसाला दोन्ही एकाच वेळी सोपवली, एकावाचून दुसरे दिले नाही. राखणीवाचून मशागत ही लूट होते. मशागतीवाचून राखण ही पुरलेली मोहर होते. यातून मला एक साधा नियम दिसतो: जेवढे जपण्याची आपली तयारी आहे तेवढेच वाढवावे.

हा नियम लावला की कोणती सुधारणा चांगली, हे नौकेच्या मालकाला कळू लागते. बिनतारी संपर्क तुटताच इंजिनाचा वेग आपोआप उतरवणारी योजना ही उत्तम सुधारणा होय, कारण भरकटलेल्या नौकेचा धारदार पंखा पोहणाऱ्या माणसाला किंवा बदकाला जखमी करू शकतो. नौका उलटली तरी बुडू नये म्हणून आत फोम भरणे, आवाज कमी करणारा सायलेन्सर लावणे, याही तशाच. आवाजाच्या मर्यादा अनेक मंडळे पाळतात. तळे एकट्या नौकावाल्यांचे नसते. याउलट नायट्रोमिथेनचे प्रमाण वाढवत नेण्याला तर आता कायद्यानेच आवर घातला आहे. ते स्फोटकांसाठीही वापरले जाऊ शकत असल्यामुळे युरोपीय संघात फेब्रुवारी २०२१ पासून वजनाने १६ टक्क्यांहून अधिक नायट्रोमिथेन असलेले मिश्रण सामान्य नागरिकाला परवान्यावाचून घेता येत नाही. आणि मिथेनॉल हे तर उघड विष आहे. जून २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत मिथेनॉल मिसळलेल्या दारूने शंभराहून अधिक गरिबांचा बळी घेतला, हे आपण विसरलेलो नाही. तेच द्रव्य एका हाती खेळाचे साधन आणि दुसऱ्या हाती मृत्यू होते. अक्वायनस यांची पहिली अट, म्हणजे इजा न करणे, किती व्यवहारी आहे हे यावरून दिसते. दुसरी अट तुटते ती पुढच्या सुट्या भागाच्या ध्यासात, आणि तिसरी तुटते ती मुलांच्या शाळेच्या फीचे पैसे त्या भागावर खर्च होतात तेव्हा.

आपल्या वसईच्या मातीला हा विचार परका नाही. आपल्या पूर्वजांनी वाड्यांत बावखले खणली. ती त्यांची मशागत होती. आणि उन्हाळ्यात त्यांतला गाळ काढला. ती राखण होती. खणणाऱ्याचे नाव कुटुंबात टिकले. गाळ काढणाऱ्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत, पण पाणी टिकले ते त्यांच्यामुळे. पुढे जमिनीचे मोल वाढले, किंबहुना आपण ते वाढवले, आणि कितीतरी बावखले बुजवली गेली. जुलै २०१८ मध्ये वसई-विरारमध्ये दिवसच्या दिवस पाणी तुंबून राहिले, त्यामागे अनेक कारणे असतील. पण पाण्याच्या जागा आपण जपल्या नाहीत, हे त्यांतले एक नाही असे कोण म्हणू शकेल? आमच्या किनाऱ्यावरचे कोळीबांधव पावसाळ्यात होड्या वर ओढून त्यांच्या फटी बुजवतात, तेल-रंग देतात, जाळी विणतात. त्या महिन्यांत मासळी मिळत नाही. परंतु पुढची सर्व मासळी त्या महिन्यांवर उभी असते.

आजाऱ्यांना पवित्र कम्युनियन देण्यासाठी घरोघर जाताना मला देखभालीचे खरे रूप दिसते. अंथरुणाला खिळलेल्या सासूचे अंग पुसणारी सून, विसराळू झालेल्या बापाला पाचव्यांदा तेच उत्तर न चिडता देणारा मुलगा. येथे सुधारणा होण्याची आशा नसते. डॉक्टरांनी तसे सांगितलेलेही असते. काहीही वाढणार नाही, उद्या आजच्याहून थोडे कमीच असेल, हे ठाऊक असून ही माणसे रोज तेच काम पुन्हा करतात. वाढीच्या हिशेबात या श्रमांना किंमत नाही. ज्या समाजाला फक्त वाढवणेच कळते, तो समाज अशा घरात गोंधळून उभा राहतो आणि शेवटी म्हातारी माणसे त्याला अडगळ वाटू लागतात. म्हणूनच लहान वस्तूंची निगा राखण्याची सवय ही क्षुल्लक सवय नव्हे. जो मुलगा खेळून आल्यावर, कोणी पाहत नसताना, आपल्या छोट्या इंजिनात तेलाचे थेंब सोडतो, तो कळत-नकळत एका मोठ्या कामाची उमेदवारी करीत असतो.

संत इग्नासी लोयोला यांनी आपल्या अनुयायांना आत्मपरीक्षणाची शिस्त लावून दिली. दिवसभरात आत काय साचले, कोठे ओलावा राहिला, कोठे गंज धरू पाहत आहे, हे परमेश्वराच्या सान्निध्यात पाहायचे आणि ते तसेच ठेवून झोपायचे नाही. आत्म्याची वाढ करणारा परमेश्वरच आहे. ती आपल्या हाती नाही. आपल्या हाती आहे ती राखण. तिला अर्धा तासही लागत नाही, तिची वाहवा होत नाही, आणि ती उद्यावर टाकता येत नाही.